दोन छटा उजळ

४ जून

वन्सं, नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. कारण मोठं नाही, दमले होते. तुम्ही म्हणाल, बसून काम करणाऱ्या बाईला दमायला काय झालं? डोळे दमतात, वन्सं. दिवसभर भिंगातून माणसांची तोंडं बघायची. कुणाची पुटकुळी काढायची, कुणाच्या डोळ्यांखालचा काळेपणा घालवायचा. संध्याकाळी घरी येताना समोरून येणाऱ्या माणसाच्या गालावरही पेन्सिल फिरवावीशी वाटते.

माझं काम तुम्हाला नीट सांगितलंच नाही कधी. हे गेल्यावर मी स्टुडिओत लागले, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "आणखी बायका असतात ना तिथं?" तर काम असं, की मोठा फोटो करायचा तर आधी निगेटिव्ह लागते. तिच्यात सगळं उलटं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. तिच्यावर टोकदार पेन्सिलीनं बारीक रेघा मारल्या, की कागदावर ती जागा उजळते. आमच्याकडे रीत अशी, की गिऱ्हाईक कुणीही असो, चेहरा दोन छटा उजळ करून द्यायचा. विचारायचं नाही. पाहुण्याच्या चहात आपण न विचारता साखर घालतो ना, तसं. आजवर एकही माणूस परत आला नव्हता, की बाई, माझा रंग मला परत द्या.

मागच्या आठवड्यात एक आला.

इथं नदीवर मोठ्या पुलाचं काम चाललंय. त्यासाठी दूरच्या देशातून माणसं आणली आहेत. पत्र्याच्या खोल्यांत राहतात. रंगानं इतकी काळी, की आपल्यात ज्याला काळा म्हणतात तो त्यांच्याशेजारी सावळाच दिसेल. आमचे मालक त्यांना 'कोळसे' म्हणतात, तेही तोंडावर. त्यांना आपली भाषा कळत नाही, असं मालकांनीच ठरवून टाकलंय.

त्यांच्यातला एक उंच मुकादम आधी एकदा येऊन गेला होता. त्याचा थोरला भाऊ पुलाच्या कामावर पडून गेला. भावाचा कामाच्या ओळखपत्रावरचा एवढासा फोटो घेऊन आला होता. मोठा करून हवा होता, आईला पाठवायला. तो आत आल्या आल्या बाकावरची बाई लेकराला घेऊन उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. मालक मला म्हणाले, "त्याला बाहेर थांबायला सांगा. गिऱ्हाईक बिचकतं." मी सांगितलं नाही. पण मीही माझी पिशवी टेबलावरून उचलून मांडीवर घेतली. का घेतली ते मला सांगता येणार नाही. हात आपोआप गेला. त्यानं ते पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. सवय असल्यासारखा.

मग मला वाईट वाटलं. म्हणून त्या मेलेल्या भावावर मी जीव ओतून काम केलं. दोन काय, चार छटा उजळ केला. नाकाडोळ्यांनी देखणा निघाला. म्हटलं, आई बघून सुखावेल.

तो न्यायला आला. पाकिटातून फोटो काढला, बराच वेळ बघितला आणि मला म्हणाला, "बाई, हा कोण?"

आपल्याच भाषेत, वन्सं. मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं.

मी म्हटलं, "तुमचा भाऊ."

"नाही," तो म्हणाला. "हा दुसरा कुणाचा तरी भाऊ. चुकून दिलात."

मालक हसले. "अरे, सुधारून दिलाय तुला. आभार मान!"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "आई म्हातारी आहे. तिनं त्याला चार वर्षं बघितलेलं नाही. ती हा फोटो बघेल आणि म्हणेल, माझ्या मुलाला तिकडे काय केलंत?"

मी म्हटलं, पुन्हा करून देते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते. त्या दिवशी घरी आले, चपला काढल्या आणि भिंतीवरच्या यांच्या फोटोकडे नजर गेली. तुम्ही यांच्या वर्षश्राद्धाच्या सुमाराला करून पाठवलेला तो मोठा फोटो. इतकी वर्षं मी रोज त्याच्याशी बोलते. त्या दिवशी पिशवीतलं भिंग काढलं आणि लावून बघितलं. गालावर, कपाळावर, मानेवर सगळीकडे पेन्सिल आहे, वन्सं. बारीक, स्वल्पविरामासारख्या रेघा. काम चांगल्या हाताचं आहे, नावं ठेवणार नाही. पण हे तसे नव्हते.

आणि डोळे मिटून आठवायला गेले, तर मला फोटोच आठवतो. माणूस आठवत नाही.

माझ्याकडे यांचा दुसरा फोटो नाही. लग्नातल्या फोटोत तोंडावर पावडर थापलेली. एरवी कॅमेरा दिसला की हे चप्पल शोधायला जायचे. यांच्या कामाच्या ओळखपत्रावरचा छोटा फोटो होता तो तुम्हीच नेलात, मोठा करायला. तुमच्या तिथल्या फोटोवाल्यानं आपल्या रीतीनं उजळला असेल, त्याला तरी काय दोष द्यायचा? मीही तेच करते. तो मूळचा छोटा फोटो तेवढा पाठवा. जपून वापरेन.

गुडघ्यांना शेक देत जा.

तुमची वहिनी

१९ जून

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. वाचून काळजी वाटली. फोटोची नाही, तुझी. एकटी बाई तू. त्या पुलावरच्या लोकांशी फार बोलत जाऊ नकोस. इथंही कारखान्यात तसले आलेत. आमची शेजारीण म्हणते, दिसायला गरीब, पण त्यांच्या पोटातलं कुणाला कळतं? मी म्हणत नाही हो, शेजारीण म्हणते. तू पुस्तकं वाचणारी, तुला सगळी माणसं सारखी वाटतात. पुस्तकातली माणसं घरी चहाला येत नाहीत म्हणून बरं.

दादाच्या फोटोचं म्हणशील तर काय गं खोट काढतेस? आलेले-गेलेले म्हणतात, काय रुबाबदार माणूस. माझ्या हॉलमध्येही तोच आहे, सूनबाईच्या माहेरची मंडळी आली की आधी त्याच्याकडेच बघतात. आणि दादा इतका काही काळा नव्हता. लहानपणी तर चांगला उजळ होता. पुढे खांबांवर चढून चढून रापला. विजेच्या तारा जोडणारा माणूस, सावली कुठे मिळणार? फोटोवाल्यानं ते रापलेपण काढलं असेल, बस्स.

मूळचा फोटो आता काही मिळायचा नाही. घर बदललं तेव्हा किती सामान इकडचं तिकडे झालं. शोधून बघते, पण आशा ठेवू नकोस.

इकडे सगळं ठीक. गुडघे बोलतात, मी ऐकते. चिऊच्या शाळेची सुट्टी अजून संपलेली नाही. दिवसभर घरातच असते, बाहेर खेळायला जा म्हटलं तरी जात नाही. हल्लीची पोरं. आम्ही कसे उन्हातान्हात हुंदडायचो. सूनबाई म्हणते, शांत आहे, त्रास नाही. मीही म्हणते, बरं आहे.

असल्या गोष्टी डोक्यात घेऊ नकोस. डोळे तपासून घे.

तुझी नणंद

२ जुलै

वन्सं,

डोळे तपासले. चष्म्याचा नंबर बदलला नाही. म्हणजे मला दिसलं ते होतं.

आधी त्या मुकादमाच्या भावाचं सांगते, मग आपलं.

निगेटिव्हवरची पेन्सिल टर्पेंटाइननं जाते. कापसाचा बोळा भिजवून हलक्या हातानं फिरवायचा. मी माझं सगळं देखणं काम पुसून काढलं. मग छापायला बसले तर जमेना. पहिला कागद आला तो नुसता काळा डाग, दोन डोळे आणि दात. मालक मागे येऊन म्हणाले, "बघा, म्हणून उजळायचं असतं. त्यांच्या तोंडात काही नसतंच दिसायला." क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग म्हटलं, त्यांच्या तोंडात नाही, का माझ्या हातात नाही? आपण जन्मभर गोरा चेहरा छापायला शिकलो. उजेड किती द्यायचा, कागद औषधाच्या पाण्यातून कधी काढायचा, सगळं त्याच्याच मापानं. दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. उजेड थोडा-थोडा बदलत गेले. आणि मग तो माणूस वर यायला लागला. गालाचं हाड आलं. कपाळावर घामाची चमक आली. ओठांशी एक जुना व्रण होता, तो मी पेन्सिलीखाली गाडून टाकला होता. काळं म्हणजे एकच काळं नसतं, वन्सं. त्यात किती रंग असतात. पंधरा वर्षांत ते पुसण्यात मी पटाईत झाले.

मुकादमानं फोटो बघितला. "हो," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "हा." आणि त्या व्रणावर बोट ठेवून हसला. "हा मी केलेला. लहानपणी, दगड मारून." मग तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिला. मी पाणी दिलं. मालकांनी तो पेला नंतर वेगळा ठेवायला सांगितला. मी तो धुऊन बाकीच्या पेल्यांत ठेवला. आता कुठला ते त्यांनाही ओळखू येत नाही आणि मलाही.

आता त्याच्याबरोबरचे बाकीचेही यायला लागलेत. मालकांनी त्यांना मागच्या दारानं यायला सांगितलंय, जिथून आमचं औषधांचं पाणी गटारात जातं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. पण दिवसाच्या शेवटी बोलायलाही जोर लागतो, आणि तो कुठून आणायचा?

आता आपलं. वन्सं, फोटो हरवला असेल तर हरवला. वस्तू हरवतात. पण दादा उजळ होता असं मला सांगू नका. मी त्यांची पाठ चोळलेली बाई आहे. जिथं ऊन कधी लागलं नाही तिथंही ते तसेच होते. ऊन काय सदऱ्याच्या आत जातं? त्यांचे तळवे तेवढे फिके, आणि नखं. अंधारात दिवा गेला की म्हणायचे, "हसू का? म्हणजे तुला मी सापडेन." मी हसायचे. आता वाटतं, तो विनोद होता का आणखी काही, ते कधी विचारलं नाही.

एवढं आठवतं मला. शब्द आठवतात. चेहरा मात्र रोज थोडा थोडा त्या फोटोसारखा होत चाललाय. रोज एका परक्या गोऱ्या माणसाला मी "जाऊन येते" म्हणून बाहेर पडते. ह्यापलीकडे माझं दुखणं नाही. शोधा एवढंच म्हणते.

वहिनी

११ जुलै

वहिनी,

तू मला खोटं पाडतेस? माझ्या सख्ख्या भावाबद्दल मला सांगतेस? तू आमच्या घरात आलीस तेव्हा दादा सव्वीस वर्षांचा होता, त्याआधीचा तुला काय ठाऊक?

एका परक्या मजुराच्या फोटोपायी घरच्या माणसांना कोर्टात उभं केल्यासारखं लिहितेस. पुस्तकं वाचून माणूस शहाणा होतो म्हणतात. मला तर वाटतं, तुझी उचलली जीभ लावली टाळ्याला.

फोटो नाही म्हटलं ना. नाही म्हणजे नाही.

१८ ऑगस्ट

वन्सं,

महिना उलटला, तुमचं पत्र नाही. तुमचा राग मला ठाऊक आहे. तो आला की तुम्ही आधी दारं लावता आणि मग आतून कान लावून बसता. म्हणून दाराबाहेरूनच लिहिते.

मागे लिहिलं त्यात 'दादा उजळ होता असं सांगू नका' हे कडक झालं असेल. शब्द मागे घेत नाही, पण आवाज कमी करते.

इकडचं सांगते. मागच्या दाराचं प्रकरण मला पचेना. एके दिवशी सकाळी मीही मागच्या दारानं गेले. गटार ओलांडून, साडी वर धरून. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "हे काय नाटक, बाई?" मी म्हटलं, "नाटक नाही. काम त्यांचं मी करते, मग रस्ताही त्यांचाच बरा." ते काही वेळ पुटपुटले. मला काढतील असं वाटलं होतं. पण पेन्सिल धरणारं दुसरं माणूस त्यांच्याकडे नाही. शेवटी म्हणाले, सगळे पुढूनच या.

मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर पुढचा बाक उचलून नेलेला. आता कुणालाच बसायला जागा नाही. गोरा, काळा, म्हातारा, लेकुरवाळी, सगळे उभे. मालक म्हणतात, "घ्या, झाले सगळे सारखे." लोक त्याचा दोष मालकांना देत नाहीत, त्या पुलावरच्यांना देतात. असं असतं, वन्सं. एक गाठ सोडवावी तर दोरीच कुणीतरी उचलून नेतं.

मुकादमाची आई आंधळी होत चाललीय, असं त्यानं सांगितलं. फोटो पोचला. तिला बोटांनी कळणार नाही, म्हणून शेजारची पोर तिला रोज सांगते, इथं डोळा, इथं व्रण.

मला सांगणारंही कुणी नाही. तुम्ही होता.

फोटोचं आता विचारणार नाही. चिऊ कशी आहे, तेवढं कळवा.

वहिनी

३० सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र तीन वेळा फाडलं. आता फाडणार नाही, जसं येईल तसं वाच.

चिऊचं विचारलंस म्हणून लिहायला बसले. ती खेळायला जात नव्हती ना, त्याचं कारण कळलं. शाळा सुरू झाली, तर मैदानावरही जाईना. बाईंनी सूनबाईला बोलावून घेतलं. ही कार्टी सगळ्या मुली खेळायला गेल्या की भिंतीच्या कडेनं सावलीत उभी राहायची. घरी आल्यावर मी जवळ घेऊन विचारलं. आधी दादाच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाली, "आजी, तूच म्हणालीस ना?"

मी काय म्हणाले होते ऐक. सुट्टीच्या सुरुवातीला ती दादाच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली होती, "हे तुझे सख्खे दादा? मग हे गोरे आणि तू काळी कशी गं?" मी पोळ्या लाटत होते, मागे न बघता म्हटलं, "उन्हानं." ती म्हणाली, "मग मी पण उन्हानं?" मी म्हटलं, "हो." पोरीनं तेवढंच धरलं. सावलीत राहिलं की जाईल. चार महिने सावलीत राहिली, वहिनी. आणि मी तुला कौतुकानं लिहीत होते, शांत आहे म्हणून.

आता दादाचं. फोटोवाल्याची रीत नव्हती ती. त्यानं तर आहे तसा करून आणला होता. मीच त्याला परत बसवलं. उजळ कर म्हटलं, आणखी कर म्हटलं. त्याच्या टेबलाशी उभी राहून करून घेतलं.

आणि चूक केली असं मला अजूनही पूर्ण वाटत नाही. तू नंतर आलीस, तू नाही पाहिलंस. शाळेत त्याला फळा पुसायला लावायचे आणि म्हणायचे, तोंड पुसू नकोस हं, नाहीतर फळाच समजून लिहू आम्ही. वर्ग हसायचा. मास्तरही हसायचे. माझा हात धरून घरी यायचा आणि वाटेत सांगायचा, आईला सांगू नकोस. तुमच्याकडची मंडळी बघायला आली तेव्हा तुझे मामा बाहेर ओट्यावर काय म्हणाले ठाऊक आहे? "पोरगा कामाचा आहे, पण शाईच्या दौतीत पडला होता वाटतं." दादा आत पाणी घेत होता. त्यानं ऐकलं. तुला कधी सांगितलं नाही ना? मला शपथ घातली होती. कॅमेरा दिसला की तो चप्पल शोधायला जायचा, ते लाजून नाही गं.

म्हणून तो गेल्यावर मला वाटलं, जिवंतपणी ऐकायचं ते ऐकलं त्यानं. निदान भिंतीवर तरी कुणी काही म्हणू नये. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं आणि म्हणावं, काय रुबाबदार माणूस. ते मी करून दाखवलं. तुला त्यात परका माणूस दिसेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

छोटा फोटो त्या दुकानातच राहिला. दुकान आता नाही. ते खरं. पण काचेची निगेटिव्ह त्यानं मला दिली होती, ती कपाटात आहे. ती नाही असं मी तुला म्हटलं नव्हतं, तू विचारलंच नव्हतंस. वकिली करते आहे, माहीत आहे मला.

घडीच्या कपड्यांत गुंडाळून पाठवते आहे. तू लिहिलं होतंस, पेन्सिल पुसता येते. चिऊला अजून खरं सांगितलेलं नाही. काय सांगू ते तू लिही.

तुझी नणंद

२१ ऑक्टोबर

वन्सं,

काच पोचली. कडेला एक टवका उडालाय, चेहऱ्याला धक्का नाही.

मामांचं वाचलं. मामा गेले, हेही गेले, भांडायलाही कुणी उरलं नाही. इतकी वर्षं संसार केला आणि मला वाटायचं, यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. मामा यायचे तेव्हा हे स्वतः उठून त्यांना खुर्ची द्यायचे. ते आठवून दोन दिवस मी काचेला हात लावला नाही.

मग दुपारी मालक जेवायला गेले तेव्हा बसले. टर्पेंटाइन घेतलं. तुमच्या फोटोवाल्याची पेन्सिल थरावर थर होती, तुम्ही चांगलंच उभं केलंत त्याला. एक बोळा काळा झाला, दुसरा झाला. मी पुसत गेले तसं वाटत होतं, उन्हातून आलेल्या माणसाचं तोंड ओल्या फडक्यानं पुसावं तसं. फक्त इथं पुसलं की रंग परत येत होता.

छापला. मुकादमाच्या भावानं शिकवलं होतंच, उजेड किती द्यायचा ते. कागद औषधात सोडला आणि हे आले, वन्सं. आधी केस, मग भुवया, मग कपाळ. गळ्याशी सदऱ्याच्या कॉलरपेक्षा कितीतरी काळे. डाव्या भुवईपाशी पडलेली आठी. ती मी पार विसरले होते. मला रडू आलं नाही. मी म्हटलं, "आलात?" एवढंच.

एक गोष्ट मात्र जमली नाही. तुमच्या माणसानं रंगाबरोबर नाकही सुधारलं होतं. दोन्ही बाजूंनी पात्यानं खरवडून धारदार केलंय. तुम्ही सांगितलं होतंत, का त्यानंच मनानं केलं, ते विचारत नाही. पेन्सिल पुसता येते. पात्यानं खरवडलेलं परत येत नाही, तिथली काचच रिकामी होते. तेव्हा रंग आला, नाक नाही आलं. सगळे हे आणि मध्ये नाक दुसऱ्याचं. हसू आलं मला. यांनाही आलं असतं. आम्ही म्हटलं असतं, एवढ्यावर भागवू.

भिंतीवर हाच लावलाय. मुकादम एकदा घरी आला होता, त्यानं बघितला. शेजाऱ्यांनी दारं किलकिली करून त्याला बघितलं. चहा घेऊन गेला. तुमच्या शेजारणीला सांगा, पुस्तकातलं माणूस चहालाही येतं.

चिऊला काय सांगायचं ते मला येत नाही, मला पोरं नाहीत. पण 'तू काळी आहेस आणि छान आहेस' असं घाईनं म्हणू नका, पोरं अशा 'आणि'ला ओळखतात. उन्हात मात्र न्या. तुम्ही स्वतः तिच्याबरोबर बसा. आणि तुमच्या हॉलमधला फोटो उतरवायचा का, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी दुसरी प्रत छापून ठेवली आहे. पोस्टानं मात्र पाठवणार नाही.

कारण असं, की मला यांचं नाक बघायचंय. रुंद, टोकाशी जरा बसकं, हसताना पसरणारं. ते आता जगात एकाच ठिकाणी उरलंय, वन्सं, आणि ते तुमच्या तोंडावर आहे. गुडघे दुखतात, प्रवास लांबचा आहे, सगळं ठाऊक आहे मला. तरी या. चिऊला घेऊन या. फोटोखाली खुर्ची मांडून ठेवते.

बोलायचं काही नाही. तुम्ही नुसत्या बसा. मी बघेन.

वहिनी